दुसरी रेघ

भुवयांवर पीठ घेऊन आली धुरपताबाई
रात्री सव्वानऊला, सुनेच्या खांद्यावर हात टाकून.
मला वाटलं सत्तरीची असेल.
ओल्या बोळ्यानं कपाळ पुसलं
तर खालून निघाली बावन्न वर्षांची बाई
आणि घाम. दळणाचा नव्हता तो.

"पित्तंय ओ सिस्टर," म्हणली,
"मिर्ची बाधली. सोडा द्या अन् जाऊ द्या,
तीन डबे राह्यलेत दळायचे,
एकाच्या घरी उद्या साखरपुडाय."

बायकांची छाती दुखतच नाही आमच्या सेलूत.
पित्त खवळतं, उसण भरते, वात धरतो,
नजर लागते,
कुणाचं तरी बोलणं लागतं.

ईसीजीचा कागद सरकत बाहेर आला,
खड्डा म्हणावं तर खड्डा, नाही म्हणावं तर रस्ता.
डॉक्टर फारोकींनी तो ट्यूबलाइटला धरला,
उलटा केला, पुन्हा धरला.
सव्वीस वर्षांचं पोरगं, बाँडवर आलेलं.
म्हणाले, कार्ड लावा.

कार्ड म्हणजे बोटाएवढी पांढरी डबी.
लसींच्या फ्रीजात लपवून ठेवते मी,
ह्या मे महिन्यात बाहेर राहिली
तर तीच आधी आजारी पडेल.
खळग्यात तीन थेंब रक्त,
मग पंधरा मिनिटं.
दिसायला अशीच डबी
सकाळी ओपीडीत नव्या पोरींच्या हातात असते.
तिथं दुसरी रेघ उमटली
की सासू पेढ्यांचं विचारते.

"एवढ्याशा रगतात काय कळतंय?"
मी म्हटलं, "मूठभर गहू चावून
पोत्याचं कळतं ना तुम्हाला?"
डोळे मिटूनच हसली.
"वरची मूठ घेतली तर वरचंच कळतंय, बाई.
तळाला हात घालाव लागतो."

एक रेघ.
सुनेनं पदरानं तोंड पुसलं,
पोरानं बाहेर गाडीला किक मारली,
डॉक्टरांचा पेन डिस्चार्जपाशी थबकला,
माझ्याकडे बघत.

थांबा म्हटलं. तीन तासांनी परत.
छातीतलं दुखणं रक्तात उतरायला वेळ घेतं,
हे पुस्तकात आहेच.
पण मी पुस्तकातून नाही बोलले.
गेल्या पाडव्याला एक रेघ बघून
एकाला मी चहा पाजून घरी पाठवलं होतं.
त्याचं नाव रजिस्टरात शोधावं लागत नाही मला.
पान माहीत आहे.

साडेबाराला लाइट गेली.
इन्व्हर्टरवर एकच पंखा, तो तिच्यावर.
मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघं डबीवर वाकलो.
रेघ म्हणावी की सावली?
नखानं ओढल्यासारखं काहीतरी,
सरळ धरलं की जायचं, तिरकं धरलं की यायचं.
"मला दिसतेय," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला?"
एकशेआठचा ड्रायव्हर पाणी प्यायला आत आला होता,
त्यानंही मान घातली मध्ये.
"हाय की," म्हणला,
आणि ग्लास तसाच ठेवून गाडी लावायला गेला.

मग सगळं पटपट.
जिभेवर गोळी, हातात सुई, परभणीला फोन.
स्ट्रेचरवरून तिनं कनवटीची किल्ली काढली,
सुनेच्या हातात दिली.
"झाकणावर खडूनं नावं हायेत.
साखरपुड्याचं बारीक काढ,
पट्ट्याला हात लावू नको चालू असताना."
माझ्याकडे बघून एवढंच,
"मिर्ची नव्हती म्हणायची."

दार लागलं. लाल उजेड
भिंतीवरच्या कुटुंबनियोजनावरून फिरून गेला.
उशीवर पिठाचा ठसा राहिला होता,
तो मी झटकला नाही, खोळ बदलली.

पहाटे कचरा वेगळा करताना
डबी पुन्हा हातात आली.
रेघ रात्रभर वाढत राहिली होती,
जाड, गुलाबी, बिनचूक.
आता ती कुणालाही दिसली असती.